फाटकातली हाक

साहेब, पोरं तुम्ही हरवता. आईबाप नाही, मास्तर नाही, पोरं स्वतः तर नाहीच नाही. तुम्ही. वर्गातून पोर हरवत नाही. वर्गात तिला नाव असतं, बसायला जागा असते, खोड्या काढणारी शेजारीण असते. पोर हरवते एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना, आणि ती मधली वाट तुमच्या कुठल्याच खात्यात नाही. हरवली की तुम्ही लिहिता, गळती. जसं काही आमची पोरं म्हणजे फुटक्या कौलातनं आलेलं पाणी.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी तुळसा अशीच हरवता हरवता राहिली. कशी राहिली ते आधी सांगते. मग एक विचारते.

"वैनी, तुळसीला शाळेतनं काढली का काय?"

माझा धाकटा दीर कोंडिबा दुधाचे रिकामे कॅन उतरवत होता. घाटमाथ्याच्या खांडीवरच्या आमच्या धनगरवाड्यातलं दूध तो रोज सकाळी खाली पिंपरवण्याच्या डेअरीला घालायचा. जून महिना होता. तुळसा चौथी पास झाली होती. आमच्या वाड्यातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी घाट उतरून पिंपरवण्याच्या हायस्कुलात जायचं. ती जात होती. रोज दप्तर घेऊन जायची, रोज संध्याकाळी यायची. मी गोठा झाडत होते, खराटा हातातच राहिला.

"काढली म्हंजी? रोज जातीया की."

"जातीया, पर आत कुटं जातीया? फाटकापाशी उभी असती. काल होती, परवा होती, आजबी हाय. मला वाटलं मास्तरनं शिक्षा दिली."

"अन् तू इचारलं न्हाईस?"

"मी हाक मारली तर मान फिरवली तिनं. आईवर गेलीया," असं म्हणून कोंडिबा हसला. मी हसले नाही.

संध्याकाळी तुळसा आली. दप्तर खुंटीला लावलं आणि रेडकाला चारा घालायला निघाली. मी तिला चुलीपाशी बसवलं.

"शाळेत काय शिकिवलं आज?"

"काय न्हाई."

"आत गेली व्हतीस का?"

ती हळूच म्हणाली, "कुनी हाकच मारली न्हाई गं आये."

एवढंच. मला आधी राग आला, मग कळलं.

साहेब, तुम्ही आमच्या वाड्यावर कधी आला नाहीत, म्हणून सांगते. आमच्यात प्रत्येक घराभोवती काट्याची वई असते आणि वईच्या आत कुत्री. बिबट्यावर जाणारी कुत्री, पाहुणा आणि चोर त्यांना सारखेच. म्हणून कुणाच्या घरी गेलं की वईबाहेर उभं राहायचं. घरधनी बाहेर येतो, कुत्री आवरतो, नावानं हाक मारतो, मग पाऊल आत. चालायला लागलेल्या पोराला आम्ही पहिलं हे शिकवतो. हाक आल्याबिगर आत जायचं नाही. आमचे साळुंखे गुरुजी बाहेरगावचे, कराडकडचे, पण ते आल्या आल्या ही रीत शिकले. रोज सकाळी शाळेच्या पायरीवर उभे राहून एकेका पोराचं नाव घेत. "ये रे गंगाराम. ये गं तुळसे." तुळसा चार वर्षं त्या हाकेनं शाळेत गेली होती.

पिंपरवण्यात हाक नव्हती, घंटा होती. घंटा झाली की पोरांचा लोंढा आत जाई, आणि माझी पोर शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखी बाहेर उभी राही, कुणीतरी बाहेर येऊन हाक मारेल म्हणून. डबा तिथंच उभ्यानं खाई. शाळा सुटली की सुटलेल्या पोरांबरोबर निघे, म्हणजे मला वाटावं शिकून आली.

"उद्या जाऊ नको मग?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात सुटका होती, त्या सुटकेचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या वाड्यातल्या किती पोरी पाचवीच्या पहिल्या आठवड्यात अशा परत आल्या होत्या. लोक म्हणायचे, हिला शाळेची गोडी नाही. दोन पावसाळ्यांनी त्यांची लग्नं व्हायची.

"जायचं," मी म्हणाले. "पर एकटीनं न्हाई."

सकाळी मी तिला घेऊन गुरुजींकडे गेले. आमच्या शाळेची इमारत म्हणजे एका पत्र्याखाली दोन खोल्या. एकीत गुरुजींची पहिली ते चौथी, दुसरीत शेवंताताईंची अंगणवाडी. मधल्या भिंतीत दार होतं. पण अंगणवाडीचं खातं वेगळं, शाळेचं वेगळं, म्हणून कुणीतरी त्या दाराला खिळे मारले होते आणि गुरुजींनी त्याला कपाट लावलं होतं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "सगुणाबाई, वाईट वाटतं. पण मी तिला पास केली, दाखला दिला. पुढचं हायस्कूल संस्थेचं. मी पंचायत समितीचा माणूस. तिथं माझा काय संबंध?"

"संबंध न्हाई म्हनं!" बाहेरून शेवंताताईंचा आवाज आला. त्या ओट्यावर खिचडी ढवळत होत्या. त्यांच्या कानातून गावातलं काही सुटत नसे. "चार वर्सं पोरगी तुमच्याम्होरं वाढली, अन् खाली उतरली की संबंध तुटला!"

गुरुजी चिडले. "ताई, तुम्ही बोलूच नका. तुमची पोरं जूनला माझ्या पहिलीत येतात आणि दिवाळीपर्यंत रडतात. तुमच्याकडं गाणी म्हणत असतात, माझ्याकडं आली की मुकी. एका भिंतीचं अंतर आहे. एकदा तरी आलात का त्यांच्याबरोबर?"

"कशी येऊ? दाराला खिळं तुमच्या सायबानं मारलं."

"तुमच्या सुपरवायझर बाईंनी मारले. मी होतो तिथं."

"तुमच्या सायबानं सांगितलं म्हनून मारलं!"

"आवो," मी मधे पडले, "तुमचं मिटंपतूर माझी पोर म्हातारी हुईल."

तुळसा फिदकन हसली. त्यानं गुरुजी आणखी चिडले. "मग करू तरी काय मी? चौथी पास झालेल्या पोरीबरोबर पाठराखीण धाडू का, नवरीबरोबर धाडतात तशी?"

टोमणा होता तो. पण बाहेर शेवंताताईंचा डाव पातेल्यात थांबला. मी गुरुजींकडे बघत राहिले.

नवी नवरी सासरी निघते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. पाणी कुठं, चूल कुठं, सासूचा स्वभाव कसा, हे ती नवरीच्या आधी बघते. नवरीला लाज वाटते तिथं ती बोलते. पाचव्या दिवशी, पाचपरतावनाला, नवरी माहेरी येऊन गेली की तिचं काम संपतं. सोळा वर्षांच्या नवरीला आम्ही एकटी पाठवत नव्हतो. दहा वर्षांच्या पोरीला पाठवलं होतं.

"धाडा की," शेवंताताई म्हणाल्या.

"ताई, मी चेष्टेनं..."

"मी न्हाई चेष्टेनं म्हनत. पर सगुणा एकटी जाऊन काय उपेग न्हाई. तिला तिथं कोन वळखतंय? तुम्ही चला. मास्तरचं मास्तर ऐकंल."

"आणि ही शाळा? एकशिक्षकी आहे, कुलूप लावून जाऊ? नोटीस येईल."

शेवंताताई पदराला हात पुसत आत आल्या. त्यांनी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघींनी कपाट सरकवलं. गुरुजी "अहो, अहो" करत होते. ताईंनी दूध घेऊन निघालेल्या कोंडिबाला हाक मारून पहार आणवली. खिळे गंजलेले होते, दोन हिसक्यांत आले. दार उघडलं तशी अंगणवाडीतली पोरं धडाधड पहिलीच्या वर्गात घुसली आणि पहिलीतली, जी शाळा सुरू झाल्यापासून रडत होती, ती पळत जाऊन आपल्या जुन्या खेळण्यांवर पडली.

"जावा तुम्ही," ताई म्हणाल्या. "दोन्ही खोल्या मी बघते. नोटीस आली तर दोगांना येऊ द्या."

गुरुजींनी टोपी घातली. घाट उतरताना ते सारखे म्हणत होते, "मी फक्त ओळख करून देतो. लगेच परत." पण चालत मात्र माझ्या पुढं होते.

हायस्कुलाची घंटा होऊन गेली होती. लोखंडी फाटक उघडंच होतं. तुळसा बरोबर आपल्या जागी जाऊन उभी राहिली. खांबापाशी, जिथं तिच्या पायांनी गवत दबलं होतं.

"चल, ये आत," गुरुजी आत शिरून म्हणाले.

ती हलली नाही. "हे तुमचं घर न्हाई गुरुजी."

गुरुजी एकटेच आत गेले. बऱ्याच वेळानं मुख्याध्यापकांना घेऊन आले. घोरपडे सर. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी. त्यांच्या मागं वर्गाच्या खिडक्यांत पोरांची डोकी गोळा झाली.

"हा काय प्रकार आहे?" सर दुरूनच म्हणाले. "साळुंखे, तुमची शाळा सोडून तुम्ही इथं? आणि या बाई कोण?"

"मी आई तिची. पाठराखीण म्हनून आलेय."

"काय म्हणून?"

"पाठराखीण. पोर तुमच्या घरी पाठवलीय आमी."

खिडक्यांत खसखस पिकली. सर कडाडले, "गप्प बसा रे!" मग माझ्याकडे वळले. "बाई, ही शाळा आहे, लग्नाचा मांडव नाही. तिचं नाव हजेरीत आहे. ती गैरहजर आहे. फाटक उघडं आहे, यायला कोण नको म्हणतंय?"

"या तरी कोन म्हनतंय?"

"शाळेत बोलवावं लागत नाही. पाचशे पोरं येतात, त्यांना काय अक्षता देतो मी?"

"सर," गुरुजी चाचरत म्हणाले, "माझ्या शाळेत मी रोज हाक मारतो. त्यांच्यात तशी रीत आहे. तिचं चुकलेलं नाही. माझं चुकलं असेल, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. वर्षानुवर्षं मी तुमच्याकडं पोरं पाठवतो, सर, आणि आपण आज पहिल्यांदा भेटतोय."

खरंच होतं ते. एकाच घाटाच्या वर आणि खाली दोघांची नोकरी चालली होती.

"तुमच्या वाड्यावरची पोरं टिकतच नाहीत," सर म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "चार दिवस येतात, बंद होतात. गोडी नसते त्यांना."

त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. इतका वेळ मी पदर धरून बोलत होते. पदर सोडला.

"गोडी? सर, ह्या फाटकापाशी मी बी उभी व्हते. तवा लोखंडी नव्हतं, लाकडी व्हतं. तुम्ही नसाल तवा. चौथीत पैली आले व्हते मी. बा सोडून गेला अन् मी उभी ऱ्हायले, ही उभी हाय तशीच. दिवसभर."

"मग?"

"मग काय? अजून कुनी हाक मारली न्हाई."

तुळसा माझ्याकडे बघत होती. हे तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे हेच मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मीही तोवर सगळ्यांसारखंच म्हणत आले होते, मला शाळेची गोडी नव्हती.

सरांनी खाली बघितलं. मग ते सावकाश चालत फाटकात आले. अगदी मधोमध उभे राहिले, आमच्याकडं घरधनी राहतो तसे. घसा खाकरला. आवाज काही त्यांच्या मापाचा निघाला नाही.

"तुळसा... तुळसा झोरे. ये बाळ."

तुळसानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिनं फाटकाच्या आत पाऊल टाकलं, मग दुसरं, मग पळालीच. पाचवीच्या दारापाशी पोचून वळून बघितलं.

मी डोळे पुसून परत निघणार, तेवढ्यात सर म्हणाले, "आणि तुमचं नाव काय?"

"सगुणा."

"सगुणाबाई, तुम्हीही या. पाठराखीण बाहेर उभी राहते का कुठं?"

साहेब, मी पाचवीच्या वर्गात गेले ती अशी. शेवटच्या बाकावर बसले, गुडघे बाकाला आपटत होते. पोरांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. बाईंनी नकाशा टांगला, आणि ज्या नदीत आमच्या म्हशी डुंबतात ती पुढं कुठं जाते ते मला तिशी उलटल्यावर कळलं.

गुरुजी धावत घाट चढून गेले, पण नोटीस यायची ती आलीच. गुरुजींना त्यांच्या खात्याची, शेवंताताईंना त्यांच्या खात्याची. दोन्हीत प्रश्न एकच, दार कुणाच्या परवानगीनं उघडलं. दोघं खुलासा द्यायला तालुक्याला गेले तर दोन्ही कचेऱ्या एका व्हरांड्यात, समोरासमोर. ताईंनी तिथल्या दोन्ही साहेबांना बाहेर बोलावून म्हणे सांगितलं, "तुमी एकमेकांस्नी इचारून घ्या, मग आमाला सांगा." खुलासा त्यानंतर कुणी मागितला नाही. दार उघडंच राहिलं.

मी पाचपरतावनापर्यंत, पाच दिवस, रोज खाली जात होते. शेवटच्या दिवशी वाटेत तुळसा म्हणाली, "आये, उद्या तू येऊ नगंस. माझ्या मैत्रिणी हसत्यात."

"मैत्रिनी?" मी म्हणाले.

"दोघी हायत. रंजी अन् कुसुम."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या रात्री मी तिला विचारल्याशिवाय राहिले नाही, "त्यो धडा अर्धा ऱ्हायला व्हता, म्होरं काय झालं त्यात?" तिनं पुस्तक काढून वाचून दाखवलं. तेव्हापासून ती जे शिकली ते मी चुलीपाशी शिकले. ती दहावी झाली त्याच वर्षी मी बाहेरून परीक्षेला बसले. गणितात मला तिच्यापेक्षा कमी पडले, हे ती अजून पाहुण्यांना सांगते.

पुढच्या जूनला कुणी न सांगता शेवंताताई पहिलीच्या पोरांबरोबर आठवडाभर दारापलीकडं जाऊन बसल्या, आणि दिवाळीपर्यंतचं रडणं आठवड्यात संपलं. गुरुजी चौथीची पोरं घेऊन घाट उतरले. घोरपडे सर फाटकात उभे होते, हातात नावांची यादी, कपाळाला आठी तशीच. पुढं दहावीची पोरं तालुक्याच्या कॉलेजात निघाली तेव्हा सर कुरकुरत त्यांच्याबरोबर एसटीत बसले. कॉलेजच्या प्राध्यापकांनी आधी हसून घेतलं, नंतर तेही एकदा आपल्या पोरांबरोबर पुढच्या कॉलेजात गेले. हुकूम कुणाचाच नव्हता. जो तो आपल्या उंबऱ्यापासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेला, एवढंच.

तुळसा विद्यापीठात एमएस्सीला गेली तेव्हा घोरपडे सर निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते. तरी आले. मोठ्या कमानीपाशी सुरक्षारक्षकानं अडवलं, "आजोबा, तुम्ही कोण?"

सरांनी काठी टेकवली आणि ताठ उभे राहून म्हणाले, "मी पाठराखीण."

आज तुळसा तिथंच संशोधन करते, आमच्याच डोंगरमाथ्यावरच्या, सड्यावरच्या गवतांचं. नवी मुलं येतात त्या दिवशी ती विभागाच्या दारात उभी असते. नाव घेऊन हाक मारते. तिला ते काम कुणी दिलेलं नाही.

आता तुमचं. गेल्या महिन्यात तुम्ही तालुक्याला आला होतात. मागं मोठा फलक होता, अंगणवाडी ते विद्यापीठ, एक अखंड धोरण. वाचून मला बरं वाटलं, खोटं नाही बोलत. मंचावर अंगणवाडीचे साहेब होते, शाळेचे होते, आश्रमशाळांचे होते, कॉलेजांचे होते. आणि ते सगळे एकमेकांना आपली नावं सांगत होते. त्या मंचावर, आमच्यासमोर, पहिल्यांदा. मी उठून हीच गोष्ट सांगायला लागले. तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, "सूचनेची नोंद घेतली."

ही सूचना नाही साहेब. आमच्या खांडीवर हे चालतं, विनाहुकूम, इतकी वर्षं चालतं. आमच्या वाड्यातली एकही पोर आता वाटेत हरवत नाही. शेजारच्या वाड्यांवर मात्र अजून हरवतात, कारण तिथं शेवंताताई नाहीत. सगळीकडं त्या कुठून आणायच्या? म्हणून तर तुम्ही आहात.

येत्या जूनला त्या वाड्यांवरची पोरं घाट उतरतील आणि शिकवल्याप्रमाणे फाटकाबाहेर उभी राहतील. तुमच्या चार खात्यांपैकी त्या फाटकात कोण उभं असणार आहे? खात्याचं नाव नको, माणसाचं नाव हवं. सांगा, कोण मारणार हाक?